‘अधिक शक्ती’ म्हणजे काय? : वालुकागिरीवरील द्विधाव एंजिनाचा विचार

पदव्युत्तर वर्गातील एका विद्यार्थ्याने गॅरेजमधील बोलीचा शब्दसंग्रह करताना एक नोंद आणली होती : ‘पॉवर – एंजिनाचा जोर’. त्याच पानावर ‘पिकअप’ या शब्दापुढे त्याने ‘जोर’ असेच लिहिले होते, आणि ‘टॉर्क’ या शब्दापुढेही तेच. तीन शब्दांना एकच अर्थ देणारी नोंद कोशकाराला अस्वस्थ करते. बोलणाऱ्यांच्या मनात भेद नसेल, किंवा नोंद करणाऱ्याला तो दिसला नसेल. याचा निकाल नुसत्या शब्दांकडे पाहून लागत नाही. वस्तूकडेच जावे लागते. प्रस्तुत लेखकाचा विषय भाषाशास्त्र आहे, यंत्रशास्त्र नव्हे. तथापि परिभाषेचा विचार करू इच्छिणाऱ्याने एखादे यंत्र तरी मुळापासून समजून घ्यावे, असे त्याचे मत आहे. त्यासाठी येथे असे उदाहरण घेतले आहे, की ज्यात हा भेद विसरणाऱ्याला त्याची किंमत तेथल्या तेथे मोजावी लागते.

अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याच्या आग्नेय कोपऱ्यात अल्गोडोन्स नावाचे वालुकागिरींचे क्षेत्र आहे. त्याची लांबी सुमारे ७० किलोमीटर व रुंदी सुमारे १० किलोमीटर असून काही टेकड्या ९० मीटरपर्यंत उंच आहेत. तेथील ग्लॅमिस या ठिकाणाच्या नावाने हे क्षेत्र वाहनक्रीडेच्या शौकिनांत प्रसिद्ध आहे. घोड्यावर बसावे तशी मांड टाकून बसायची आणि हँडलने वळवायची चारचाकी, म्हणजे ‘क्वाड’, घेऊन हे लोक टेकड्या चढतात. यामाहा कंपनीची ‘बॅन्शी’ ही या प्रकारातील नामांकित गाडी. अमेरिकेत ती १९८७ पासून २००६ पर्यंतच्या वर्षांसाठी विकली गेली. तिचे एंजिन पाण्याने थंड होणारे, दोन सिलिंडरांचे व द्विधाव जातीचे आहे. सिलिंडरचा आतील व्यास ६४ मिलिमीटर, दट्ट्याची धाव ५४ मिलिमीटर आणि एकूण घनमान ३४७ घन सेंटिमीटर. या एंजिनाची शक्ती वाढवण्याचा उद्योग आजही चालतो.

वाळू एंजिनाकडून काय मागते, ते प्रथम पाहू. गाडी व स्वार मिळून २७० किलोग्रॅम वजन धरले आणि ३० अंशांचा चढ सेकंदाला १५ मीटर वेगाने चढायचा म्हटले, तर केवळ गुरुत्वाकर्षणाविरुद्ध सुमारे २० किलोवॉट, म्हणजे सुमारे २७ अश्वशक्ती खर्च होते. वाळूचा विरोध याहून वेगळा. पक्क्या रस्त्यावर चाक घरंगळते. वाळूत ते रुतते व पुढची वाळू सतत ढकलीत राहते. मागच्या चाकांना वल्ह्यासारख्या उभ्या पट्ट्यांचे टायर लावतात, ते याचसाठी. रस्त्यावर गियर बदलताना क्षणभर ओढ थांबली तरी गाडी वेग राखते. वाळूच्या चढावर त्याच क्षणी वेग निम्म्यावर येऊ शकतो. मग एंजिनाचे फेरे उतरतात, गाडी दम टाकते आणि टेकडीच्या मध्यावर थांबते. तेथून वळताना ती कलंडण्याचा धोका मोठा असतो.

आता एंजिनाकडे वळू. चार धावांच्या एंजिनात झडपा असतात. द्विधाव एंजिनात सिलिंडरच्या भिंतीत द्वारे असतात आणि त्यांची उघडझाप खुद्द दट्ट्याच करतो. दट्ट्या वर जाताना खालच्या भुजादंडाच्या पेटीत हवा-पेट्रोलचे मिश्रण ओढले जाते. तो खाली येताना प्रथम निष्कासद्वार उघडते व जळलेला वायू बाहेर पडतो; मग संक्रमणद्वारे उघडतात आणि पेटीत दाबले गेलेले ताजे मिश्रण सिलिंडरमध्ये शिरते. दर फेऱ्याला एक स्फोट होतो. लहान घनमानातून मोठी शक्ती मिळते ती यामुळे. परंतु एक उणेपणही यातच आहे. निष्कासद्वार उघडे असतानाच ताजे मिश्रण आत येत असल्याने त्यातील काही न जळताच बाहेर जाते. प्रदूषणाच्या कायद्यांपुढे ही जात मागे पडली, त्याचे एक प्रमुख कारण हेच होय.

हे निसटते मिश्रण परत कसे आणावे, या प्रश्नाचे उत्तर पूर्व जर्मनीतील एम. झेड. कारखान्याच्या शर्यतविभागात वाल्टर काडेन या अभियंत्याने १९५० नंतरच्या दशकात परिणत रूपाला नेले. निष्कासनळीला पोटाशी फुगीर व शेवटी निमुळता आकार दिला, तर बाहेर पडलेली दाबलहर निमुळत्या भागावर आपटून परत येते. ती निष्कासद्वार मिटण्याच्या अगदी आधी पोहोचली, तर बाहेर गेलेले मिश्रण ती पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते. १९६१ मध्ये काडेनच्या १२५ घन सेंटिमीटर एंजिनाने सुमारे २५ अश्वशक्ती गाठली, म्हणजे लिटरला २०० या प्रमाणात. त्याच वर्षी त्याचा स्वार एर्न्स्ट डेग्नर पश्चिमेकडे निघून गेला व सुझुकी कंपनीला मिळाला. १९६२ मध्ये सुझुकीच्या गाडीवर त्याने ५० घन सेंटिमीटर वर्गाचे जागतिक अजिंक्यपद जिंकले.

येथे थोडे गणित अवश्य आहे. मिनिटाला १०,००० फेरे असताना एका फेऱ्याला ६ सहस्रांश सेकंद लागतात. निष्कासद्वार १९० अंशांपर्यंत उघडे राहत असेल, तर तो अवधी सुमारे ३.२ सहस्रांश सेकंदांचा होतो. तप्त वायूत लहरीचा वेग सेकंदाला सुमारे ५२० मीटर धरल्यास तेवढ्या वेळात तिने जाऊन परत यावे यासाठी नळीची परिणामी लांबी सुमारे ८२ सेंटिमीटर हवी. तेच साधायचे ७,००० फेऱ्यांना असेल, तर लांबी सुमारे ११७ सेंटिमीटर होते. याचा अर्थ असा, की कोणतीही एक नळी फेऱ्यांच्या एका पट्ट्यातच साहाय्य करते. त्या पट्ट्याच्या खाली लहर लवकर येते, वर उशिरा. आणि अवेळी आलेली लहर निरुपयोगी, क्वचित अपायकारकही ठरते.

शक्ती वाढवण्याचे सर्व उपाय याच दृष्टीने तपासले पाहिजेत. निष्कासद्वाराची वरची कड कानशीने उंच केली की द्वार लवकर उघडते, वरच्या फेऱ्यांना शक्ती वाढते आणि खालच्या फेऱ्यांची ओढ कमी होते. सिलिंडर बोअर करून ६६ मिलिमीटर केला, तर घनमान ३४७ वरून सुमारे ३६९ होते. भुजादंड बदलून धाव ५८ मिलिमीटर केली, तर मूळ व्यासातच ते सुमारे ३७३ होते. परंतु आता दट्ट्या वर २ आणि खाली २ मिलिमीटर अधिक जातो. म्हणून सिलिंडरच्या डोक्यात जागा करावी लागते, आणि द्वारांच्या साऱ्या वेळा पुन्हा मोजाव्या लागतात. १०,००० फेऱ्यांना दट्ट्याचा सरासरी वेगही सेकंदाला १८ मीटरवरून १९.३ मीटरवर जातो. डोक्यातील संपीडन वाढवले तर उच्च ऑक्टेनचे पेट्रोल लागते, नाही तर मिश्रण अकाली भडकून दट्ट्याला भोक पडते.

मूळचे २६ मिलिमीटर तोंडाचे दोन कार्ब्युरेटर बदलून मोठे घातले, किंवा नुसती नळी बदलली, तरी आत येणाऱ्या हवेचे मान बदलते. त्या मानाने पेट्रोलचा जेटही बदलला पाहिजे. तो न बदलल्यास मिश्रण विरळ होते. विरळ मिश्रण अधिक तापते. शिवाय जेथे वंगणतेल पेट्रोलमध्येच मिसळलेले असते, तेथे पेट्रोल कमी म्हणजे तेलही कमी. दट्ट्या फुगतो आणि सिलिंडरला चिकटतो. आपल्याकडील मिस्त्री ज्याला ‘एंजिन सीझ झाले’ म्हणतो, ते हेच. वाळवंटात दुपारी ऊन व पहाटे कडाका असतो. थंड हवा दाट असल्यामुळे दुपारी बरोबर जुळलेला जेट पहाटे अपुरा पडू शकतो.

यावरून मुख्य गोष्ट ध्यानात येईल. ‘अधिक शक्ती’ हा केवळ परिमाणाचा प्रश्न नाही, स्थानाचा आहे. परिपीडन, म्हणजे टॉर्क, हे आसाला पिळणारे बल. शक्ती, म्हणजे पॉवर, हा ते बल व फेऱ्यांचा वेग यांच्या गुणाकारातून निघणारा कार्याचा दर. समजा, गियर बदलताना फेरे ९,००० वरून ७,५०० वर उतरतात. एंजिनाचा पट्टा ८,५०० ते १०,००० असेल, तर कागदावर कितीही अश्वशक्ती असो, ती गाडी टेकडीवर दुबळीच. उलट चढावर असताना अरुंद पट्ट्यातील शक्ती एकाएकी जागी झाली, तर पुढची चाके उचलून गाडी स्वारासह मागे उलटू शकते. ज्याला वालुकागिरी चढायची आहे, त्याने शिखर थोडे बुटके पण पट्टा रुंद असलेले एंजिन पत्करावे. आणि एक भाग बदलला की त्याच्याशी बांधलेले इतर भागही पुन्हा जुळवावे. व्यवस्थेतील एक घटक हलला की शेष घटकांची मूल्ये बदलतात, हे भाषेच्या अभ्यासकाला नव्याने सांगावयास नको.

आता त्या नोंदीकडे परत येऊ. १९८३ मध्ये एस्कॉर्ट्स कंपनीने भारतात आणलेली राजदूत ३५० ही यामाहाच्याच घराण्यातील. हवेने थंड होणाऱ्या तिच्या एंजिनाचा व्यास व धाव बॅन्शीइतकीच, ६४ व ५४ मिलिमीटर. तिचे दोन प्रकार ‘हाय टॉर्क’ आणि ‘लो टॉर्क’ या नावांनी ओळखले गेले. पण त्यांतील भेद सांगताना आकडे दिले जातात ते ३०.५ आणि २७ अश्वशक्तीचे. नाव एका राशीचे, माप दुसरीचे! विद्यार्थ्याची नोंद चुकली, तीत नवल नाही.

परंतु बोलणाऱ्यांना भेद कळत नव्हता असे मात्र म्हणवत नाही. ‘गाडी चढाला ओढते’, ‘गाडीला पिकअप आहे’ आणि ‘गाडी वर पळते’ ही तीन वाक्ये मिस्त्री एकाच गाडीविषयी सरसकट वापरीत नाही. पहिले खालच्या फेऱ्यांतील परिपीडनाविषयी आहे, दुसरे वेग किती लवकर वाढतो याविषयी, आणि तिसरे वरच्या फेऱ्यांतील शक्तीविषयी. भेद नामांत पुसट झाला आहे; क्रियापदांत तो शाबूत आहे. परिभाषा घडवताना आपण बहुधा नामेच गोळा करतो आणि क्रियापदे सोडून देतो. त्या विद्यार्थ्याला मी वही परत दिली, ती एवढीच सूचना करून, की पुढच्या खेपेस वस्तूंची नावे विचारू नयेत. गाडी नीट चालत नसेल तर ती काय करते, हे विचारावे.