लघुकथा दुसऱ्यांदा वाचतांना

लघुकथा वाचून संपली, कीं वाचकाचें कुतूहल शमतें. परंतु रसिकाचें काम तेथूनच सुरू होतें. फ्रेंच कथाकार मोपासाँ याची १८८४ सालीं प्रसिद्ध झालेली हाराची कथा घ्यावी. कारकुनाची पत्नी मातिल्द मेजवानीसाठीं मैत्रिणीचा हिऱ्यांचा हार मागून आणते. तो हरवतो, आणि ३६,००० फ्रँकांचा तसाच हार परत करून पतिपत्नी दहा वर्षें कर्ज फेडीत राहतात. अखेरीस कळतें कीं, मूळ हार खोटा, फार तर ५०० फ्रँकांचा होता!

हा धक्का केवळ लेखकाची हातचलाखी आहे काय? मागें वळून पाहावें. डबीत ज्याचें नांव असतें तो जवाहिऱ्या सांगतो कीं, आपण केवळ डबीच पुरविली असावी. मैत्रीण हार निःशंकपणें देते, आणि परत घेतांना डबी उघडूनही पाहत नाहीं. म्हणजे सत्य वाचकाच्या डोळ्यांसमोरच होतें.

मग दोष दैवाचा कीं मातिल्दचा? लेखक दैवाकडे बोट दाखवितो. पण एक खरा शब्द वेळींच उच्चारला असता, तर तीं दहा वर्षें वांचलीं असतीं. मात्र त्याच काळांत ती कष्टाळू व करारी झाली, हेंही कथाच सांगते. निर्णय देण्यापूर्वीं हे दोन्ही पुरावे तोलणें, यालाच टीकादृष्टि म्हणतात.