टाइलच्या मागची भिंत

बीड जिल्ह्यात घराची डागडुजी कधी काढायची, हे बऱ्याच घरांत ऊस ठरवतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयत्यासह ऊसतोडीच्या टोळ्या साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात आणि उन्हाच्या तोंडावर परततात. आगाऊ घेतलेली उचल फिटून हातात काही उरलंच, तर मिस्त्री बोलवायचा चैत्र-वैशाखात. मांजरसुंबा-पाटोदा रस्त्यावरच्या लिंबागणेशसारख्या बालाघाटावरल्या गावांत गिलाव्याला सगळ्यांत वाईट महिने नेमके तेच. भिंत तापलेली, विहिरीने तळ गाठलेला. प्यायला आणि गिलाव्यावर मारायला पाणी एकाच टँकरचं. स्वयंपाकघरातल्या जुन्या टाइल काढून केलेला नवा गिलावा वर्षभरात पोकळ वाजायला लागला की लोक सिमेंटच्या कंपनीला दोष देतात. माझ्या मते दोष बहुतेक वेळा पाण्याचा असतो, नाहीतर मागच्या भिंतीचा.

चुलीमागच्या भिंतीला एके काळी दुरुस्ती असा वेगळा शब्दच लागत नसे. धूर बसला, पोपडा सुटला की बाईमाणूस शेणमातीचा हात फिरवायची. पुढे कडप्प्याचा ओटा आला, शहाबादी आली, ओट्यामागे सहा बाय सहाच्या पांढऱ्या टाइल आल्या. आता गुजरातेतल्या मोरबीहून आलेल्या मोठ्या टाइल थेट छताला भिडतात. फोडणीचं तेल काही छतापर्यंत उडत नाही. ओट्यापासून दोन-अडीच फूट टाइल आणि वर चांगला गिलावा पुरतो, बाकीची हौस. औरंगजेबाच्या घराण्यालाही हे मान्य असावं. सतराव्या शतकातल्या बीबी का मकबऱ्याला संगमरवर आहे तो खाली डॅडोपर्यंत आणि वर घुमटाला. मधल्या काळ्या दगडावर चुन्याचा घोटीव गिलावा चढवलेला आहे.

टाइल निघाल्यावर मागे काय निघेल, हे घराच्या वयावर आहे. काळा दगड आणि पांढऱ्या मातीची माळवदाची भिंत असेल तर हात आखडता घ्यावा. ३० सप्टेंबर १९९३च्या किल्लारीच्या भूकंपात अशा जाड दगडमातीच्या भिंतींनी हजारोंचे जीव घेतले. तेव्हापासून मराठवाड्यात सिमेंट म्हणजे सुरक्षितता असं समीकरण झालं. भीती खोटी नव्हती, पण मातीच्या भिंतीला सिमेंटचं कातडं चढवून ती भक्कम होत नाही. आतली ओल कोंडते, माती हलते, वरचा थर ताठ राहतो आणि एक दिवस सबंध पापुद्रा सुटतो. अशी भिंत दगड सोडत असेल, पोट काढत असेल, तर गिलावा राहू द्या, आधी भिंत बघा. ती धड असेल तर तिला तिच्यासारखाच मऊ लेप हवा, मातीचा किंवा चुन्याचा, तंतू घालून. अजिंठ्याच्या चित्रांखालच्या मातीत भुसा-गवत आहे. वेरूळच्या गिलाव्यात तर भांगेच्या झाडाचे तंतू असल्याचं २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं.

विटेची भिंत सोपी. परळीच्या औष्णिक केंद्राच्या राखेच्या विटा आणि सिमेंटचे ब्लॉक मात्र गुळगुळीत असतात, त्यांवर गिलावा धरायला टोचे मारावेच लागतात.

कामाला सुरुवात मेन स्विच बंद करून आणि सिलिंडर बाहेर काढून. छन्नी टाइलच्या मागे आडवी घालावी; समोरून घणाघात केला तर विटेचं तोंडच टाइलबरोबर निघून येतं. पाणी शिंपडत, नाका-तोंडाला फडकं नव्हे, मास्क बांधून. ही धूळ फुप्फुसात बसते. मग सगळी भिंत हातोडीने वाजवायची आणि बद वाजेल तेवढा जुना माल पाडायचा. इथे मालकाला कंजुषी सुचते: ‘धरलंय की, ऱ्हाऊ द्या.’ तेच पुढे फुगतं. विटांच्या सांध्यांतला सैल माल सेंटिमीटरभर खरवडायचा. तेलकट वास येतो तिथे सोड्याच्या पाण्याने घासून स्वच्छ धुवायचं, कारण तेलावर सिमेंट बसत नाही.

विजेच्या नळीची खाच, काँक्रीटचा पिलर आणि वीट जिथे भेटतात तो सांधा, यांवर कोंबडीजाळी ठोकावी. खोल खड्डा एका दमात भरू नये. वीसेक मिलिमीटरहून जाड असेल तर दोन हात, पहिला खरबरीत ठेवून. भिंत आदल्या दिवशी भिजवायची, पण माल लावताना वरून पाणी ओघळता कामा नये. टाइल पुन्हा बसवायच्या तिथे सिमेंट-वाळू एकास चार, नुसता रंग द्यायचा तिथे एकास सहापर्यंत चालतं. वाळू गोदाकाठची, गेवराईकडची मिळाली तर उत्तम. हल्ली बहुधा क्रश सँडच मिळते, तिच्यातली भुकटी चाळून घ्यावी. कालवलेला माल अर्ध्या तासात संपवावा. घट्ट झाला म्हणून पाणी घालून परत कालवणारा मिस्त्री दिसला, तर तिथेच थांबवावं. ओळंबा धरून ठिय्ये म्हणजे जाडीच्या खुणा, मग पट्टी, मग रंधा. टाइलच्या जागी गुळगुळीत घोटायचं नाही.

त्यानंतर निदान सात दिवस पाणी, आणि कडक उन्हाळ्यात जास्त. बोअरचं पाणी खारट असेल तर सुकताना भिंतीवर पांढरे क्षार फुटतात, म्हणून टँकरच्या पाण्यातलं थोडं इकडे द्यावंच लागतं. ते जमवायचं तर पाइप मारू नये. भिंतीवर ओली पोती टांगावीत, खिडकीला कापड लावून झळ अडवावी आणि तांब्याने पोती ओली ठेवावीत. एका ओट्यामागच्या भिंतीला दिवसाला दोन-तीन बादल्या पुरतात. ज्या घरातलं कुणी उसाला जात नाही, त्यांनी तरी हे काम कार्तिक ते पौषात उरकावं, विहिरीला पाणी असतं. पुट्टी आणि रंग महिन्यानंतर. तोवर चूल अंगणात मांडायची, आणि त्याबद्दल घरातल्या बाईला आधी विचारायचं.