वाटेवरचा मुक्काम

मुंबईत स्थायिक झालेल्या कोकणी कुटुंबांविषयी एक गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. गणपतीसाठी, शिमग्यासाठी, मे महिन्याच्या सुट्टीसाठी ही मंडळी वर्षानुवर्षे गावी जात-येत असतात. परंतु त्यांतील कित्येकांनी आपल्या गावाची वाट नीट अशी कधी पाहिलेलीच नसते. रात्री अकराच्या सुमारास गाडीत बसावे, पाय पसरून निजावे आणि पहाटे डोळे चोळीत आपल्या स्टेशनावर उतरावे, हा त्यांचा परिपाठ. गोव्यास सहलीकरिता जाणारी कुटुंबेही बहुधा हाच मार्ग पत्करतात. यात वेळ वाचतो हे निर्विवाद. पण रोहे ते रत्नागिरी हा भाग असा आहे की, तो पाहण्यासाठी परप्रांतांतून लोक मुद्दाम येतात, आणि नेमका तोच झोपेत निघून जातो.

यावर सरळ उपाय दिवसाच्या गाडीचा. सकाळी सातच्या सुमारास मुंबईहून सुटणारी मांडवी एक्स्प्रेस दुपारी एकच्या सुमारास रत्नागिरीस व संध्याकाळी मडगावास पोहोचते. एकट्यादुकट्या उत्साही प्रवाशास ती उत्तम. तिच्यातील खाण्यापिण्याची तर प्रवाशांत ख्याती आहे. पण ज्या कुटुंबात सत्तरीच्या आजी आहेत आणि पाच-सहा वर्षांचे मूल आहे, त्याने बारा तास एका बैठकीत काढणे ही निराळी गोष्ट. दुपारनंतर मुले कंटाळतात, वृद्धांचे पाय सुजतात, आणि खिडकीबाहेर कितीही रम्य देखावा असला तरी कोणी मान वर करून पाहत नाही. शिवाय डिसेंबरात या भागी सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणजे शेवटचा टप्पा काळोखातच जातो. तेव्हा प्रवासाचे दोन तुकडे करून मध्ये एक रात्र विसावा घ्यावा, हा विचार साहजिक सुचतो. प्रश्न उरतो तो स्थळाचा, आणि तेथेच बहुतेकांची गफलत होते. स्थळ निवडताना लोक त्याची कीर्ती पाहतात. वास्तविक आधी पाहावयास हवे ते घड्याळ.

हे कसे, ते कळण्यासाठी या लोहमार्गाची ठेवण थोडी समजून घेतली पाहिजे. रोह्यापासून मंगळुराजवळच्या ठोकुरापर्यंत सुमारे ७४० किलोमीटर लांबीचा हा मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण खुला झाला. सह्याद्रीतून निघालेल्या नद्या पश्चिमेकडे समुद्रास मिळतात, आणि गाडी जाते उत्तरेकडून दक्षिणेकडे. म्हणजे प्रत्येक नदी व दोन नद्यांमधील प्रत्येक डोंगर तिला आडवा येतो. म्हणून पूल झाला की डोंगर, डोंगर झाला की पूल, असा हा सारा क्रम आहे. सावित्री, जगबुडी, वाशिष्ठी, शास्त्री या नद्या एकीमागून एक ओलांडाव्या लागतात. बोगदे नव्वदांहून अधिक असून त्यांची एकूण लांबी सुमारे ८४ किलोमीटर भरते. दर नऊ किलोमीटरांमागे जवळजवळ एक किलोमीटर अंधाराचा! उक्षीच्या पुढे लागणारा करबुड्याचा बोगदा तर एकटाच साडेसहा किलोमीटरांचा आहे. ज्या वाटेवर मुळातच इतका अंधार, तिथे उरलेला उजेड जपून वापरावा लागतो. मुक्काम असा असावा की, तिथे पोहोचेपर्यंतचा रस्ता उजेडी दिसावा आणि तेथून निघाल्यावरचाही उजेडीच दिसावा.

आणखी एक समजूत दूर करणे अवश्य आहे. 'कोकण रेल्वे' हे नाव ऐकताच पुष्कळांच्या मनात समुद्रकाठाने धावणारी गाडी उभी राहते. महाराष्ट्राच्या हद्दीत ती तशी धावत नाही. ती किनाऱ्यापासून बरीच आत, खाड्यांच्या माथ्याशी आणि डोंगरांच्या कुशीत राहते. डाव्या खिडकीतून सह्याद्रीची रांग दिसते. उजव्या खिडकीतून भातखाचरे, आंबा-काजूच्या बागा आणि काळ्या-तांबड्या कातळाचे सडे दिसतात. पण समुद्र मात्र दिसत नाही. ज्या घरातील मुलांना समुद्राचे वचन दिलेले असेल, त्यांनी त्यासाठी गाडीतून उतरलेच पाहिजे. मुक्कामाचे हे कारण कोणत्याही देखाव्यापेक्षा जास्त वजनाचे आहे.

आता स्थळे. चिपळूण हे पहिले. गाव वाशिष्ठीच्या काठी, वर परशुरामाचा डोंगर, आणि त्यावरून खाली वळणे घेत गेलेल्या खाडीचे दर्शन असे की, पाहणारा स्तब्ध व्हावा. कोयनेचे पाणी वीज निर्माण करून सह्याद्रीच्या पश्चिमेस उतरते आणि याच नदीस मिळते. त्यामुळे भर उन्हाळ्यातही ती आटत नाही. परंतु सकाळी निघालेली गाडी चिपळुणास दुपारच्या जेवणाआधीच येते. अंग दमलेले नाही, वाट तर निम्मीही सरलेली नाही, अशा वेळी सामान उतरविणे कोणास रुचत नाही, आणि दुसऱ्या दिवसाचा पल्ला पुन्हा लांबलचकच राहतो. मुंबईहून उशिरा निघणाऱ्यांना हे ठिकाण सोयीचे. पावसाळ्यात मात्र तेथे उतरावयाचे तर उंचावरची जागा पाहावी. २२ जुलै २०२१ च्या महापुरात तेथील बाजारपेठ पाण्याखाली गेली होती.

सावंतवाडीची गोष्ट याच्या उलट. मोती तलाव, राजवाडा, चितारआळीतील लाकडी खेळणी यांमुळे गाव मोठे गोजिरे आहे. पण तेथे पोहोचेपर्यंत प्रवास जवळजवळ संपतच आलेला असतो. दमणूक सगळी सोसून झाल्यावर विसावा घेण्यात काय अर्थ? शिवाय स्टेशन गावापासून अंमळ दूर आहे. सावंतवाडीस जावयाचे ते तिथेच चार दिवस राहण्यासाठी जावे. वाटेवरचा मुक्काम म्हणून तिचा उपयोग नाही.

राहिली रत्नागिरी. दुपारी एकच्या सुमारास येथे उतरणे हे वृद्धांच्या आणि मुलांच्या दृष्टीने फार सोयीचे पडते. कंटाळा यावा त्या घटकेस प्रवास थांबलेला असतो. करबुड्याचा बोगदा नुकताच होऊन गेलेला असतो व मुलांना बोलावयास विषय मिळालेला असतो. स्टेशन शहरापासून पाच-सहा किलोमीटरांवर, रिक्षा मिळतात. बिऱ्हाड स्टेशनाजवळ न करता भाट्याच्या किंवा थिबा राजाच्या वाड्याच्या बाजूस करावे. जेवण व थोडी झोप झाली की संध्याकाळ मोकळी राहते. या संध्याकाळीत एकच ठिकाण पाहावे. लोकांना गणपतीपुळेही त्याच दिवशी उरकावयाचे असते. पण जाऊन-येऊन पन्नासएक किलोमीटरांचा हा हव्यास विसाव्याचा सगळा हेतूच बुडवितो.

ते एक ठिकाण म्हणजे थिबा पॉइंट. खाली भाट्याची खाडी, तिच्यावरील लांब पूल, पलीकडे सुरूच्या बनाची हिरवी कड, आणि खाडीच्या मुखापाशी उघडा समुद्र. सूर्य मावळतो तो समोरच. चढउतार फारसा नसल्याने आजींनाही बाकावर बसून हे सारे पाहता येते. ज्याच्या नावाने हे ठिकाण ओळखले जाते तो ब्रह्मदेशचा शेवटचा राजा. इंग्रजांनी १८८५ साली त्यास पदच्युत केले आणि पुढल्याच वर्षी येथे आणून ठेवले. त्याच्यासाठी बांधलेला वाडा १९१० साली पुरा झाला आणि १९१६ साली तो येथेच वारला. मंडालेचे त्यास पुन्हा दर्शन झाले नाही. योगायोग असा की, याच रत्नागिरीत १८५६ साली जन्मलेल्या लोकमान्य टिळकांना पुढे शिक्षा भोगण्यासाठी मंडाल्यासच पाठविण्यात आले. मुलांना इतिहासाचा धडा म्हणून हे सांगू नये; सूर्य बुडेपर्यंतच्या वेळात गोष्ट म्हणून सांगावे. दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन चढण्यापूर्वी भाट्याच्या वाळूत मुलांना मनसोक्त खेळू द्यावे, आणि टिळकांचे जन्मस्थान पाहून जेवणास परतावे.

तिकिटाच्या बाबतीत मात्र सावध राहिले पाहिजे. एकाच लांब तिकिटावर मध्ये उतरण्याची मुभा रेल्वे देते, हे खरे. परंतु ती पाचशे किलोमीटरांहून अधिक अंतराच्या तिकिटांना असून पहिला मुक्काम पाचशे किलोमीटर पुरे होण्यापूर्वी करता येत नाही. मुंबईहून निघणाऱ्यास रत्नागिरी पाचशेच्या आतच लागते. म्हणून मुंबई ते रत्नागिरी आणि रत्नागिरी ते मडगाव अशी दोन स्वतंत्र तिकिटे काढावी. खर्च थोडा वाढतो, कारण लांब पल्ल्यास दर किलोमीटरी भाडे कमी पडते. पण वाटेत अडवणूक होण्यापेक्षा ते बरे. १ नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण साठ दिवस आधी खुले होते. दोन्ही तिकिटे एकाच बैठकीत काढावी आणि ती हाती आल्यावरच बिऱ्हाड ठरवावे. उतारशाळेच्या मालकास दोन गोष्टी विचारून ठेवाव्या: खोली तळमजल्यावर मिळेल काय, आणि दुसऱ्या दिवशी ती किती वाजता सोडावी लागेल.

पहाटे पाचच्या सुमारास रत्नागिरीस येणाऱ्या रात्रीच्या गाडीने पुढे निघावे, असा सल्ला कोणी दिल्यास तो ऐकू नये. तिच्यासाठी सगळ्या घरास तीन वाजता उठावे लागते. पावसाळ्यात गाड्या सावकाश चालवितात व त्यांच्या वेळा बदलतात. त्या दिवसांत कोकणाचे रूप सर्वांत देखणे असते, पण दुपारी निघालेली गाडी मडगावास पोहोचेपर्यंत रात्र पडते. म्हणून जून ते ऑक्टोबर या काळात पुढचा टप्पा सकाळच्या गाडीने मिळतो का, ते आधी पाहावे. गणेशोत्सवाच्या आठवड्यात हा बेतच करू नये.

इतर दिवसांत दुपारचीच गाडी पुन्हा पकडावी. डाव्या बाजूची जागा मिळाल्यास उत्तम. दुपारचे ऊन उजवीकडून येते, आणि डोंगरही डावीकडेच आहेत. मुलांना गाडी सुटण्यापूर्वीच खिडकीशी बसवावे, कारण रत्नागिरी सोडल्यावर थोड्याच वेळात पानवलचा पूल लागतो. लांबी ४२४ मीटर, उंची ६४ मीटर. खाली झाडांचे शेंडे पायाखालच्या गवतासारखे दिसतात. डबे सावरून, पाण्याची बाटली शोधून वर पाहावे, तोवर तो मागे पडलेला असतो.