साथीदाराचे नाव

गाणे कोणाचे, हा प्रश्न वरवर पाहता सोपा वाटतो. ज्याने गायिले त्याचे, असे सामान्य श्रोता म्हणेल. ज्याने चाल बांधली त्याचे, असे जाणकार म्हणेल. शब्द ज्याचे त्याचा मान पहिला, असे कवी म्हणेल. परंतु गाणे रंगात आले असता गायकाच्या बाजूला, दिव्यांच्या झोतापासून थोडे दूर बसून जो स्वरांचा अखंड आधार देत असतो, त्याचा वाटा किती, हा विचार या तिघांपैकी कोणीही सहसा करीत नाही. पेटीवाला म्हणजे गाण्यासाठी लागणाऱ्या सामानापैकीच एक, अशी आपली समजूत होऊन बसली आहे. या समजुतीचा एकदा मुळापासून विचार होणे अगत्याचे आहे, असे आम्हांस वाटते.

असे वाटण्यास निमित्त घडले ते हैदराबादच्या मुक्कामात. तेथील मराठी समाज जुना. निजामी अमदानीत मराठवाडा त्याच राज्यात होता आणि विवेकवर्धिनीसारख्या संस्थांनी त्या काळी मराठी विद्येचा दिवा तेवत ठेवला होता. अशाच एका मराठी घरात आजीच्या संग्रहातील नाट्यगीते आणि नातवाच्या आवडीचे इंग्रजी रॉक संगीत एकाच खोलीत नांदताना आम्ही पाहिले. हा नातू गिटारीच्या कडकडाटावर लुब्ध असेल, अशी आमची अटकळ होती. पण त्याने आग्रहाने ऐकविले ते ऑर्गनवादन! “काका, गाणाऱ्याकडे लक्ष देऊ नका, मागची पेटी ऐका,” असे तो म्हणाला. आजीनेही त्याच सुमारास बालगंधर्वांचे एक पद लावले आणि नेमके तेच वाक्य उच्चारले. दोन पिढ्यांचे कान एकाच ठिकाणी लागलेले पाहून आम्ही चकित झालो.

त्या तरुणाने ऐकविलेल्या गाण्यांपैकी एकाची हकीकत सांगण्याजोगी आहे. प्रोकोल हारम या इंग्रजी वाद्यवृंदाचे ‘अ व्हाइटर शेड ऑफ पेल’ हे गीत १९६७ साली प्रसिद्ध झाले आणि जगभर गाजले. चालीचे श्रेय गॅरी ब्रूकर यांना आणि शब्दांचे कीथ रीड यांना मिळाले. तथापि ते गाणे ज्याच्या कानी एकदा पडले, त्याच्या मनात प्रथम घुमतात ते आरंभीचे ऑर्गनचे स्वर. बाखच्या रचनांची आठवण करून देणारी ती सुरावट मॅथ्यू फिशर या वादकाने रचिली होती. त्याचे नाव मात्र रचनाकारांत नव्हते. तब्बल ३८ वर्षांनी, २००५ साली, त्याने न्यायालयाची पायरी चढली. २००६ साली उच्च न्यायालयाने त्यास संगीताच्या स्वामित्वात ४० टक्के वाटा दिला. २००८ साली अपील न्यायालयाने सहरचनाकार म्हणून त्याचे नाव मान्य ठेविले, पण इतका विलंब झाल्याचे सांगून पैशाचा वाटा काढून घेतला. अखेर ३० जुलै २००९ रोजी ब्रिटिश उमरावसभेच्या न्यायासनाने एकमताने फिशरचा हक्क पुन्हा प्रस्थापित केला. साथीदाराने रचिलेले स्वर हेही गाण्याचेच अंग आहे, अशी मोहोर एका देशाच्या सर्वोच्च न्यायासनाने उमटविली.

या संगीताची ‘गोंगाट’ म्हणून संभावना करणारे आपल्यात पुष्कळ आहेत. त्यांनी त्यातील ऑर्गनवादकांची कामगिरी तरी डोळ्यांखालून घालावी. हॅमंड ऑर्गन हे वाद्य १९३५ साली अमेरिकेत बाजारात आले. त्याचा जनक लॉरेन्स हॅमंड हा विजेवर चालणारी घड्याळे बनविणारा. दातेरी चकत्या विजेच्या मोटारीने फिरवून चुंबकाच्या साहाय्याने स्वर निर्माण करण्याची युक्ती त्याने काढली. प्रचंड नळ्यांचा ऑर्गन ज्यांना परवडत नाही अशा प्रार्थनामंदिरांना ते स्वस्तात मिळावे, हा एक हेतू होता. पुढे तेच वाद्य तरुणांच्या हाती गेले. डीप पर्पल या वृंदातील जॉन लॉर्ड याने ते गिटारीच्या ध्वनिवर्धकाला जोडले आणि गिटारीशी बरोबरीने झुंजविले. १९७२ च्या ‘मशीन हेड’ या ध्वनिमुद्रिकेत ती झुंज ऐकावयास मिळते. द डोअर्स या अमेरिकन वृंदात तर रंगमंचावर खर्जाचे गिटार वाजविणारा कोणी नव्हताच. रे मॅन्झरेक हा डाव्या हाताने एका छोट्या विद्युत् पियानोवर खर्ज सांभाळी आणि उजव्या हाताने ऑर्गनवर सुरावट फुलवी. एका माणसाने दोन माणसांचे काम करावे आणि श्रोत्यास त्याचा पत्ताही लागू नये, ही साधना लहान नव्हे.

हे सारे आपणांस परके वाटण्याचे कारण नाही. आपल्या संगीत रंगभूमीने हेच वैभव कितीतरी आधी पाहिले आहे. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांच्या शाकुंतलाने जी परंपरा सुरू केली, तीत पुढे पायपेटीने, म्हणजे पायाच्या ऑर्गनने, मानाचे स्थान मिळविले. हातपेटी वाजविणाऱ्याचा एक हात भात्यात अडकलेला असतो. पायपेटीचा भाता पायांनी हलतो, त्यामुळे दोन्ही हात मोकळे राहतात. एक हात गायकाच्या तानेचा माग काढतो, तर दुसरा खाली षड्ज-पंचमाचा भरणा देतो. पट्टी जोराने दाबा वा हलकेच दाबा, स्वर तेवढाच निघतो. त्याचा चढउतार पायाच्या दाबावर अवलंबून. गंमत अशी की, हॅमंड ऑर्गनमध्येही आवाजाचा लहानमोठेपणा पायाखालच्या पायट्यावरच असतो. बोटांत सूर आणि पायांत भाव, ही किमया हैदराबादच्या त्या आजीला जशी भावली तशीच नातवालाही.

ध्वनिक्षेपक नसलेल्या काळात तुडुंब भरलेल्या थिएटरच्या शेवटच्या रांगेपर्यंत स्वर पोचवावयाचा, गायक नटाने श्वास घेतला की ती पोकळी भरून काढावयाची, त्याने अनपेक्षित जागा घेतली तर क्षणार्धात तिचा पाठलाग करावयाचा आणि तरीही त्याच्या पुढे जावयाचे नाही, ही कामगिरी केवळ कारागिराची म्हणता येईल काय? गोविंदराव टेंबे यांनी पेटीला प्रतिष्ठा मिळवून दिली आणि १९११ च्या ‘मानापमान’ला चाली दिल्या. गंधर्व नाटक मंडळीत थिरकवांचा तबला आणि कादरबक्षांची सारंगी यांच्या जोडीने हरिभाऊ देशपांडे यांचा ऑर्गन असे. गोविंदराव पटवर्धन यांनी अनेक पिढ्यांच्या गायकांना साथ दिली. आपल्या बोरीचे तुळशीदास बोरकर हे पी. मधुकरांचे शिष्य. त्यांना २०१६ साली पद्मश्री मिळाली आणि २०१८ साली ते निवर्तले. ही नावे जाणकारांच्या ओठांवर आहेत, हे खरे. परंतु जुन्या ध्वनिमुद्रिकांवरील कागदी चकत्या पाहाव्यात. गायकाचे नाव ठळक, नाटकाचे नाव ठळक, साथीदारांची जागा मात्र बहुधा रिकामी!

या उपेक्षेत सरकारनेही आपला वाटा उचलला. पेटीचे स्वर ठरीव. त्यातून मींड निघत नाही, श्रुती सांभाळता येत नाहीत, असा आक्षेप घेऊन आकाशवाणीने १९४० साली हार्मोनियमला दाराबाहेर काढले. सुमारे तीन दशके हे बहिष्काराचे प्रकरण चालले आणि १९७१ च्या सुमारास ते सैल झाले. हैदराबादचे निजामी ‘डेक्कन रेडिओ’ १ एप्रिल १९५० रोजी आकाशवाणीत सामील झाले, तेव्हा त्या राज्यातील मराठी, तेलुगु, कानडी आणि उर्दू भाषकांच्या नभोवाणीवरही दिल्लीचेच नियम चालू झाले. आक्षेपात तथ्य मुळीच नव्हते, असे आमचे म्हणणे नाही. पेटीला मर्यादा आहेत आणि त्या ओलांडण्यातच वादकाचे कौशल्य आहे. पण परिणाम काय झाला, हे पाहा. पटवर्धनांचा जन्म १९२५ चा, बोरकरांचा १९३४ चा. त्यांच्या उमेदीची कितीतरी वर्षे नेमकी या बंदीच्या काळात गेली. ज्या संग्रहाकडे उद्याचा अभ्यासक राष्ट्राचा ठेवा म्हणून पाहील, त्या संग्रहात या हातांची त्या वर्षांची पेटी त्याला शोधावी लागेल.

गोमंतकीयांस तर हा प्रश्न अधिकच जिव्हाळ्याचा आहे. सोळाव्या शतकापासून येथील चर्चच्या आश्रयाने स्वरलेखन आणि वाद्यवादन यांचे शिक्षण सुरू झाले. पुढे त्या शिक्षणाच्या बळावर अनेक गोमंतकीय वादक मुंबईच्या चित्रपटसृष्टीत गेले आणि त्यांनी हिंदी गाण्यांचा वाद्यमेळ बांधला. सेबॅस्टियन डिसोझा, चिक चॉकलेट, माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस ही त्यांतील काही नावे. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत अशांची नावे एक तर येत नसत, किंवा ‘साहाय्यक’ या एका शब्दात गुंडाळली जात. गोन्साल्विस यांचे नाव १९७७ साली देशभर दुमदुमले, तेही त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी एका विनोदी गीतात ते गुंफले म्हणून. ते गीत गुणगुणणाऱ्या लक्षावधींना या नावाचा एक खराखुरा संगीतकार आपल्याच किनाऱ्यावर राहतो, याची वार्ताही नव्हती. एकीकडे देवळाच्या जत्रेत नाटकाला साथ देणारा आमचा पेटीवाला आणि दुसरीकडे चर्चमध्ये शिकून मुंबईस गेलेला आमचा वादक, दोघांचे दैव सारखेच ठरले.

यावर कोणी विचारील की, प्रत्येक साथीदार उद्या कोर्टात जाऊन वाटा मागू लागला तर कला जगेल कशी? शंका रास्त आहे. आमच्या संगीतात साथ ही बव्हंशी त्या क्षणी स्फुरणारी. तिचे टक्के काढणे कोणत्याही न्यायाधीशास अवघड जाईल. फिशरची सुरावट रचून बांधलेली होती, म्हणून त्याचा दावा टिकला. टक्केवारीचा आग्रह आम्ही धरीत नाही. पण नाव छापण्यास कोणती अडचण? १९९४ साली आपल्या स्वामित्वहक्क कायद्यात कलावंत सादरकर्त्याचा हक्क प्रथम आला आणि २०१२ च्या दुरुस्तीने सादरीकरणाशी आपले नाव जोडले जावे, अशी मागणी करण्याचा नैतिक अधिकारही त्यास मिळाला. वादक हा या कायद्याच्या दृष्टीने सादरकर्ताच आहे. म्हणजे जे सौजन्याने द्यावयास हवे होते, ते आता कायद्यानेही देणे आहे.

आज छोटी विद्युत् पेटी काखोटीस मारून वादक गावोगाव जातो आणि जड पायपेटी देवस्थानाच्या कोठीत धूळ खात पडते. नव्या वाद्याशी आमचे वैर नाही. हॅमंडही एके काळी नवाच होता. मात्र जुन्या पायपेट्या दुरुस्त करणारे हात शिल्लक आहेत तोवरच त्या वाजत्या केल्या पाहिजेत आणि त्या वाजविण्याचे शिक्षण चार मुलांना तरी मिळाले पाहिजे. कला अकादमी, देवस्थान समित्या आणि हौशी नाट्यमंडळे यांनी मनावर घेतले तर हे काम फार खर्चाचे नाही.

त्याहून सोपे काम तर याच हंगामात होऊ शकते. जत्रेच्या नाटकांची हस्तपत्रके छापखान्यात जातील तेव्हा नट आणि दिग्दर्शक यांच्या नावांखाली ऑर्गन कोणाचा आणि तबला कोणाचा, हे दोन शब्दांत छापावे. प्रयोगानंतर नारळ द्यावयाचा तो साथीदारांसही रंगमंचावर बोलावून द्यावा. ध्वनिमुद्रण करून ते फोनवरून गावभर पाठविणाऱ्या उत्साही तरुणांनी सोबत वादकांची नावे लिहावीत. मंडळांनी एवढे केले तर त्यांचा छपाईखर्च एका ओळीने वाढेल, आणि आजवर निनावी राहिलेल्या माणसांची नावे पुढच्या पिढीला निदान वाचावयास मिळतील.