पावसात पानं टिकवणारा गुलाब

पुण्या-नाशकाकडच्या कुठल्याही नर्सरीत डिसेंबरमध्ये गेलं, की गुलाबाच्या कुंड्यांपुढून पाय निघत नाही. तीच झाडं ऑगस्टमध्ये पाहावीत. खालच्या पानांवर काळे ठिपके पडलेले असतात, ठिपक्यांभोवतीचं पान पिवळं पडत जातं आणि झाड हलवलं तरी पानगळ होते. गणपती येईस्तोवर काटेरी काड्या आणि शेंड्याला चार पानं एवढंच शिल्लक राहतं. त्यातून एखादी फांदी वरून खाली काळी पडत सुकायला लागली, की डायबॅक आला म्हणून कात्री घ्यायची. पान सलग सातेक तास ओलं राहिलं तरी काळ्या ठिपक्यांच्या बुरशीला पुरतं. आपल्याकडे जुलैत ते दिवसचे दिवस ओलं असतं. फवारणीचा पंप हे गुलाबाच्या हौसेचं अंगच आहे, असं आपण धरून चाललो आहोत.

हा सगळ्या गुलाबांचा स्वभाव नाही. काही घराण्यांचा आहे, आणि त्याचा माग बऱ्यापैकी काढता येतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत बागेतल्या मोठ्या फुलांच्या गुलाबांत झळझळीत पिवळा रंग नव्हता. फ्रान्समधल्या ल्यों शहरातले जोसेफ पेर्ने-दुशे यांनी तो इराणकडून आलेल्या पिवळ्या गुलाबातून आणला आणि 1900 मध्ये ‘सोलेय दोर’ हे वाण बाजारात आलं. आजचे पिवळे, केशरी, जर्दाळू रंगाचे बहुतेक गुलाब त्याच वाटेने आले आहेत. त्या पिवळ्या पूर्वजाची पानं मात्र काळ्या ठिपक्यांना फार लवकर बळी पडत. रंगाबरोबर ती खोडही पुढच्या पिढ्यांत उतरली, असं गुलाबाची पैदास करणारे मानतात. फूल पाहून निवड करणाऱ्यांनी पानांकडे काणाडोळा केला, आणि थंड, कोरड्या उन्हाळ्याच्या प्रदेशात ते खपूनही गेलं.

तसं पाहिलं तर आपल्या बागांतले नामांकित गुलाब बहुतेक परमुलखात निवडलेले आहेत. फ्रेंच पैदासकार फ्रान्सिस मेयाँ यांच्या वहीत 3-35-40 असा क्रमांक असलेलं एक रोप, म्हणजे 1935 सालच्या तिसऱ्या संकरातलं चाळिसावं, पुढे 1945 मध्ये अमेरिकेत ‘पीस’ या नावाने गाजलं आणि आपल्या बंगल्यांच्या अंगणांतही पोचलं. फूल अप्रतिम आहे, त्यात वाद नाही. पण ते रोप निवडलं गेलं ल्योंजवळच्या हवेत, जिथे झाड हिवाळ्यात पानं टाकून झोपतं आणि वसंतात ताजंतवानं उठतं. आपल्या झाडाला अशी झोप मिळत नाही. एप्रिल-मेचं चाळिशीतलं ऊन, पाठोपाठ चार महिने ओल, आणि मग ऑक्टोबरची छाटणी झाली की पुन्हा फुलांची अपेक्षा. या चक्रात तगणारा गुलाब हवा असेल, तर त्याची निवडही याच चक्रात व्हायला हवी.

हे आपल्याकडे ज्यांनी मनावर घेतलं, त्यांत डॉ. बेंजामिन पिअरी पाल यांचं नाव मोठं आहे. धंद्याने ते गव्हाचे. केंब्रिजहून शिकून आले, दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचे संचालक झाले आणि 1965 मध्ये भारतीय कृषी संशोधन परिषदेचे पहिले महासंचालक. तिन्ही प्रकारच्या तांबेऱ्याला दाद न देणारा ‘एनपी 809’ हा गहू त्यांच्या कामातून आला. पान निरोगी नसेल तर दाणा भरत नाही, हे जाणणारा माणूस गुलाबाकडे वळला ही मला फार मोलाची गोष्ट वाटते. 1962 मध्ये त्यांचा ‘रोझ शरबत’ आला, पाठोपाठ ‘दिल्ली प्रिन्सेस’ हा फ्लोरिबंडा, आणि 1968 मध्ये ‘डॉ. होमी भाभा’ हा पांढरा हायब्रीड टी. झाडांवर जीव असलेल्या भाभांना मुंबईकरांनी जवळून पाहिलं होतं. त्यांच्या नावाचा गुलाब निघावा हे शोभून दिसलं. पालांचं ‘द रोझ इन इंडिया’ हे पुस्तक 1966 चं. त्यांच्या संस्थेतून पुढे ‘मोहिनी’, ‘मृणालिनी’, ‘रक्तगंधा’ अशी नावं आली. गुलाबाचं वाण इथल्या मातीत जन्माला घालता येतं, ही खात्री त्या पिढीने दिली.

ते जन्माला कसं घालतात, हे एकदा नीट पाहण्यासारखं आहे, कारण सगळी हत्यारं घरात सापडतात. आई म्हणून निवडलेल्या झाडावरची कळी उद्या उमलेल अशी दिसली, की आजच सगळ्या पाकळ्या काढायच्या. आत मधोमध कुक्षींचा झुबका आणि भोवती पुंकेसरांचं कडं असतं. परागकोश अजून मिटलेले असताना ते कडं बारीक कात्रीने वा चिमट्याने पुरतं साफ करावं लागतं. एखादा जरी राहून फुटला तरी फूल स्वतःच्याच परागाने फळेल आणि पुढची सगळी मेहनत वाया जाईल. बाप म्हणून निवडलेल्या फुलाचे परागकोश वाटीत काढून सावलीत ठेवतात. रात्रीत ते उकलतात आणि सकाळी वाटीच्या तळाशी पिवळी भुकटी दिसते. तोवर इकडे कुक्षी चिकट होऊन चमकायला लागलेली असते. कुंचल्याने, नाहीतर सरळ बोटाच्या टोकाने, पराग त्यावर टेकवायचा, वर कागदी पिशवी आणि देठाला चिठ्ठी. चिठ्ठीवर आधी आईचं नाव, मग गुणिलेचं चिन्ह, मग बापाचं. ही चिठ्ठी पावसा-उन्हात टिकली नाही, तर रोप कितीही सुंदर निघो, त्याची वंशावळ गेली.

संकर लागला असेल तर फुलाखालचा हिरवा गोळा फुगत जातो आणि साडेतीन-चार महिन्यांत नारिंगी होतो. आत टणक बिया असतात. त्या लगेच पेरल्या तर बहुतेक गप्प पडून राहतात, म्हणून ओल्या कागदात गुंडाळून काही आठवडे फ्रीजमध्ये, थिजणार नाहीत अशा बेताने ठेवायच्या. थंडी सरली असं बीला वाटलं पाहिजे. तरीही उगवण एकसारखी होत नाही. एक बी आठवड्यात वर येते, शेजारची पुढच्या मोसमात येते, कित्येक येतच नाहीत.

आणि मग या कामातला सगळ्यात उत्कंठेचा काळ येतो. बारमाही फुलणाऱ्या घराण्यातलं रोप असेल, तर उगवल्यापासून दीड-दोन महिन्यांत, वीतभरही उंची नसताना, त्याच्या शेंड्याला कळी दिसते. ट्रेमध्ये वाकून पाहिलं तर एकाच फळातल्या भावंडांत एक पांढुरकं, एक गर्द लाल, एक पाच पाकळ्यांचं आणि एक भरलेलं निघतं. या पहिल्या फुलात पाकळ्या मोठ्या झाडापेक्षा कमीच असतात, त्यामुळे त्यावरून आकाराचा निकाल द्यायचा नसतो. पण रंगाचा अंदाज येतो आणि पान बोलायला लागतं. भुरी ज्या रोपाला पहिल्याच थंडीत धरते, ते तिथेच उपटावं. अनुभवी पैदासकार हजारो रोपांतली बहुतेक सगळी पहिल्या एक-दोन वर्षांत काढून टाकतात. उरलेल्यांचे डोळे खुंटावर भरून अनेक झाडं तयार करायची, ती वेगवेगळ्या जागी लावायची आणि नुसतं पाहत राहायचं. पहिल्या चिठ्ठीपासून बाजारापर्यंत आठ-दहा वर्षं सहज जातात.

आता खरा पेच. युरोपातल्या गुलाबांतच उलटसुलट संकर करत राहिलं, तर जी गोष्ट त्या घराण्यांत नाही ती येणार कुठून? ऊस पिकवणाऱ्या मराठी माणसाला याचं उत्तर ठाऊक आहे, जरी त्याने ते या अंगाने पाहिलं नसलं तरी. ‘को 86032’ मधला ‘को’ म्हणजे कोइमतूर. तिथे शंभर वर्षांपूर्वी जाड, गोड उसाचा संकर रानात वाढणाऱ्या चिवट कसाडाशी, म्हणजे रानउसाशी, केला गेला आणि 1918 मध्ये ‘को 205’ बाहेर पडला. गोडी एकाची, काटकपणा दुसऱ्याचा. त्या वाटेनेच आपला ऊस उभा राहिला.

गुलाबातले असे रानटी नातेवाईक आपल्याच देशात आहेत. मणिपूरच्या सिरोही डोंगरावर 1882 मध्ये जॉर्ज वॉट यांना एक प्रचंड वेलगुलाब दिसला. पाच पाकळ्यांची, तळहात भरेल एवढी साय-पांढरी फुलं, लांब तुकतुकीत पानं, आणि झाडांवर चढत जाणाऱ्या फांद्या. तोच रोझा जायगँटिया. चीनमधून युरोपात गेलेल्या टी गुलाबांचा तो पूर्वज. दुसरा रोझा क्लायनोफिला. बंगालच्या नदीकाठी, दलदलीत, पावसाळ्यात पाण्यात बुडूनही जगणारा. उष्ण कटिबंधातला म्हणावा असा गुलाब जगात हाच. त्याचं शास्त्रीय वर्णन 1817 मध्ये पॅरिसमध्ये छापलं गेलं आणि 1836 च्या सुमारास तिथल्या लक्झेंबर्ग बागेत त्याचा एक संकरही झाला. पुढे मात्र दीडशे वर्षं त्याला जवळजवळ कुणी हात लावला नाही. थंड देशांना तो नको होता, आणि आपण थंड देशांचे कॅटलॉग वाचत होतो.

हे काम अंगावर घेतलं एम. एस. तथा विरू वीरराघवन यांनी. आयएएसमधली नोकरी मुदतीआधी सोडून ते आणि त्यांच्या पत्नी गिरिजा कोडाईकनालला स्थायिक झाले, सिरोही डोंगर चढून जायगँटिया पाहून आले आणि उष्ण हवेसाठी सदाहरित गुलाब हेच ध्येय धरून बसले. वाट किती लांबची आहे ते गुणसूत्रांवरून कळतं. रानातल्या या दोन्ही गुलाबांत चौदा गुणसूत्रं असतात, आजच्या बहुतेक हायब्रीड टींमध्ये अठ्ठावीस. दोघांचा संकर एकवीसवर अडकतो आणि असं रोप सहसा वांझ निघतं. म्हणून चौदाच गुणसूत्रं असलेले जुने टी गुलाब जोडीला घ्यावे लागतात. तेही साधलं तरी बारमाही फुलण्याचा गुण दबून राहणारा असतो. रानगुलाबाच्या पहिल्या पिढीतली सगळी रोपं वर्षातून एकदाच फुलतात, तीही दोन-तीन वर्षं वाढल्यावर. त्या पिढीचा पुन्हा बारमाही गुलाबाशी संकर करून दुसऱ्या पिढीत तो गुण शोधायचा. दीड महिन्यात कळी दाखवणाऱ्या रोपांचं सुख इथे नाही. माणसाच्या उमेदीची वर्षंच्या वर्षं यात जातात, आणि ती या दांपत्याने घातली.

त्यांच्या वाणांची नावं पाहिली की कृतज्ञता दिसते. ‘सर जॉर्ज वॉट’ आहे, ब्रह्मदेशात हाच गुलाब शोधणाऱ्यांच्या नावाचा ‘सर हेन्री कोलेट’ आहे, आणि ‘ई. के. जानकी अम्माळ’ आहे. जानकी अम्माळ कोइमतूरलाच उसावर काम करत होत्या. लागवडीतल्या वनस्पतींची गुणसूत्रं मोजून मांडणारा 1945 चा प्रसिद्ध कोश त्यांनी सी. डी. डार्लिंग्टन यांच्याबरोबर सिद्ध केला. गुणसूत्रांच्या आकड्यांवर ज्यांची पैदास उभी आहे, त्यांनी आपला गुलाब या बाईंच्या नावे करावा यापेक्षा योग्य नामकरण मला सुचत नाही.

वाण तयार झालं की त्याचं वर्णन करावं लागतं, आणि मला वाटतं इथे आपण अजून कमी पडतो. नोंदणीची पद्धत पक्की आहे. 1955 पासून जगभरच्या गुलाबांच्या नावांची नोंद अमेरिकन रोझ सोसायटी ठेवते; देशात वाणाचा हक्क हवा असेल तर 2001 चा वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा आहे, ज्यात वाण इतरांहून वेगळं, एकसारखं आणि पिढ्यान्‌पिढ्या तसंच राहणारं असल्याचं सिद्ध करावं लागतं. रंग डोळ्यांनी सांगून चालत नाही. छापील रंगतक्त्याच्या पट्ट्या पाकळीला लावून क्रमांक लिहायचा, कळीचा वेगळा, उमललेल्या फुलाचा वेगळा, उतरत्या फुलाचा वेगळा. सतरा ते पंचवीस पाकळ्या असल्या तर एक वर्ग, सव्वीस ते चाळीस असल्या तर दुसरा. वास, काटे, पानाची चमक, झाडाची ठेवण, सगळ्याला रकाने आहेत.

पण नर्सरीच्या पाटीवर पोचतो तो फक्त रंग. डिसेंबरात मखमली लाल दिसणारं फूल मेमध्ये कडांनी करपतं, चाळीस पाकळ्यांचं वाण उन्हाळ्यात वीसवर येतं, हे पाटी सांगत नाही. वर्णन कुठल्या गावी, कुठल्या महिन्यात केलं आहे हे लिहिल्याखेरीज ते अपुरं मानावं. मावळातल्या पॉलिहाऊसवाल्यांचं ठीक आहे. ‘ताजमहल’ वा ‘टॉप सिक्रेट’ त्यांनी दांड्याची लांबी आणि काढणीनंतरचा टिकाव पाहून घेतलेला असतो, वर छप्पर असतं. अंगणातल्या झाडाला छप्पर नाही. त्याच्या वर्णनात फुलाआधी झाड यायला हवं. भर पावसात, न फवारता, बुंध्याकडची पानं किती राहिली? डायबॅक किती फांद्यांना लागला? मेमध्ये नवे धुमारे फुटले का?

आपल्याकडची गुलाब प्रदर्शनं हिवाळ्यात भरतात. बाटलीत एकेक दांडा ठेवून फुलाला बक्षीस मिळतं, ते मिळावंच. त्याच संस्थांनी ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात सभासदांच्या घरी जाऊन कुंडीतलं आणि जमिनीतलं झाड तपासावं, फवारणी न केलेल्या झाडांचा वेगळा वर्ग ठेवावा आणि कुठल्या वाणाची किती पानं टिकली याची यादी दरवर्षी छापावी. पाच-सहा वर्षांच्या अशा याद्या हाती असल्या, की पुण्याला, नाशिकला, कोकणात कुठलं वाण आई म्हणून घ्यायचं हे नव्या पैदासकाराला कुणाला विचारावं लागणार नाही.