फिट बसलं म्हणजे खरं झालं का?

दहा रीडिंग्ज घ्या आणि त्यांच्यातून नवव्या डिग्रीचा पॉलिनॉमियल काढा. कर्व्ह दहाही पॉइंट्समधून जाणार, एरर शून्य! पण अकरावं रीडिंग घेतलं की कर्व्ह एकीकडे आणि पॉइंट भलतीकडेच. सायकॉलॉजीतही हेच होतं, फक्त तिथे पॉइंटच्या जागी माणूस असतो.

आधी एररचे प्रकार बघू. रात्री झोप झाली नाही म्हणून टेस्टमध्ये मार्क कमी पडले, ही रँडम एरर. ती कधी वर, कधी खाली. खूप जणांची सरासरी काढली की बरीचशी निघून जाते. पण वजनकाटाच दोन किलो जास्त दाखवत असेल तर हजार जणांना उभं करून काय उपयोग? ही सिस्टिमॅटिक एरर. बिने यांची बुद्धिमापन चाचणी १९०५ साली फ्रान्समध्ये तयार झाली. ती जशीच्या तशी इथल्या मुलांना दिली तर बुद्धीबरोबर परकी भाषा आणि परकं वातावरणही मोजलं जाणार. म्हणून डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी धारवाडला मराठी आणि कानडी मुलांसाठी ती नव्याने बसवली. १९३४ च्या या कामातून आलेली बिने-कामत टेस्ट पुढे देशभर वापरली गेली. तिसरी एरर सॅम्पलची. फक्त आपल्या हॉस्टेलची पोरं मोजून 'नाशिकचे तरुण असे आहेत' असं म्हणता येत नाही.

आता फिटकडे येऊ. अमेरिकेच्या गिलफर्ड यांनी ५ क्रिया, ४ आशय आणि ६ फलितं धरून बुद्धीचे १२० घटक मांडले. पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीनेही या मॉडेलवर आधारित चाचण्या तयार केल्या. गिलफर्ड यांच्या डेटावर मॉडेल छान बसत होतं. पण १९७३ साली हॉर्न आणि नॅप यांनी चक्क रँडम पद्धतीने थिअरीज बनवल्या आणि तसंच गणित वापरून त्या बसवून पाहिल्या. त्याही जवळजवळ तितक्याच छान बसल्या! याचा अर्थ गिलफर्ड चूक ठरले असा नाही. पण ते फिट हा पुरावा राहिला नाही, कारण ती पद्धत जवळपास काहीही बसवू शकत होती.

मग करायचं काय? डेटाचे दोन भाग करा. एकावर मॉडेल बनवा, दुसऱ्यावर तपासा. शिवाय मुद्दाम एखादं चुकीचं मॉडेलही बसवून बघा. तेही बसलं, तर सावध व्हा!

प्लेसमेंटच्या ॲप्टिट्यूड टेस्टमागेही अशीच मॉडेल्स असतात. आज आपण ती टेस्ट देतो, उद्या आपल्यातलंच कोणीतरी तिचं सॉफ्टवेअर लिहील. तेव्हा कर्व्हपासून दूर पडलेल्या पॉइंटला नुसतं 'एरर' म्हणून पुसू नका. तिथे एक माणूस बसलेला आहे.