माथ्यावरचा चर

कांजूरमार्गला पाऊस थांबत नाही. पवईच्या टेकड्यांवरून उतरलेलं गढूळ पाणी नाल्यांतून मिठागरांकडे आणि तिथून ठाण्याच्या खाडीत निघून जातं. आमच्या नळाला येतं ते वैतरणेचं पाणी, शेजारच्या भांडुपला शुद्ध होऊन. पडणाऱ्या पावसाशी आणि प्यायच्या पाण्याशी असं नातं तुटलेल्या माझ्यासारख्याला पाणलोट कळायला गावाकडचा डोंगरच चढावा लागतो.

तिथे पहिली ओळख होते ती ए फ्रेमची. तीन काठ्या, शेंड्याला दोरी, दोरीला दगड. दोन्ही पाय एका पातळीवर आले की दोरी आडव्या काठीवरच्या खुणेवर स्थिरावते. तिथे फक्की टाकायची, एक पाय जागेवर ठेवून दुसरा फिरवायचा, पुन्हा फक्की. ठिपके जोडले की सलग समतल चराची रेषा मिळते. ती चुकली तर पाणी चराच्या एका टोकाला धावतं आणि बांध फोडतं. म्हणून काम माथ्यापासून पायथ्याकडे; वरचं सोडून नाल्यात बांध घातला तर तो गाळानेच भरतो.

ही भाषा राज्यभर एकसारखी झाली ती पाणी फाउंडेशन या संस्थेमुळे. २०१६ मध्ये वरुड, अंबाजोगाई आणि कोरेगाव या तीन तालुक्यांत तिची वॉटर कप ही गावागावांतली जलसंधारणाची स्पर्धा सुरू झाली. कोरेगावातलं वेळू पहिलं आलं. २०१७ ला ३० तालुके, २०१८ ला ७५. संस्था प्रशिक्षण द्यायची, श्रम गावाचे. प्रशिक्षणामागे वॉटर (WOTR) या दुसऱ्या संस्थेचा अनुभव होता. फादर हर्मन बाखर आणि क्रिस्पिनो लोबो यांनी ती १९९३ मध्ये उभी केली. गावं एकमेकांशी स्पर्धा करत होती, पण चर कसा आखायचा हे सगळी एकाच पद्धतीने शिकली. १ मे २०१८ च्या महाश्रमदानाला शहरांतले जलमित्र, म्हणजे स्वयंसेवकही टिकाव-घमेलं घेऊन गेले. मला या सगळ्यात बक्षिसापेक्षा ही सामायिक शिकवण मोलाची वाटते.

पण अडवलेलं पाणी उपसायचं किती? हा प्रश्न चरापेक्षा कठीण आहे, कारण बोअर प्रत्येकाची वेगळी आणि खालचं पाणी सगळ्यांचं. हिवरे बाजार या गावाने तो आधीच हाताळला आहे. तिथे पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडतात, शेतीसाठी बोअर घेत नाहीत, ऊस लावत नाहीत. माणसांचं आणि गुरांचं पाणी आधी बाजूला काढतात. पाऊस कमी झाला, तर पीकही त्या हिशेबाने ठरतं.